जुन्या स्विचवर दुसरा दिवा : सोलापुरातल्या माळवदी घरातल्या कामाच्या नोंदी

शुक्रवार पेठेतलं घर. पुढचा भाग दगडी भिंतींचा आणि माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा. मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नंतर बांधलेलं, स्लॅबचं. दारातून आत आलं की झाकलेला बोळ लागतो. बोळात एक ९ वॅटचा एलईडी बल्ब, त्याचा स्विच दाराशेजारच्या लाकडी बोर्डावर. बोळ संपला की दगडी भिंतीतली चौकट आणि चौकटीपलीकडे माळवदावर जाणारा जिना. जिन्यात दिवा नाही. दारातला तोच स्विच दाबला की बोळ आणि जिना दोन्ही उजळावेत, एवढंच काम. गुढी माळवदावर उभारतात, म्हणून ३० मार्चच्या पाडव्याआधी संपवायचं.

आधीच एक गोष्ट: बल्ब, फ्यूज, स्विच बदलणं घरचं माणूस करू शकतं. पण नवा पॉइंट, म्हणजे दिव्याची नवी जागा काढणं ही वायरिंगमधली भर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ते काम परवानाधारक ठेकेदाराकरवी आणि परमिट असलेल्या वायरमनच्या हातून व्हायला हवं. हे कामही तसंच झालं. घरमालकांना आपल्या भिंतीत काय चाललंय ते कळावं आणि नव्या वायरमनांनी याच चुका पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी.

२२ मार्च २०२५ – पाहणी (२ तास)

मीटरपासून दोन वाटा निघतात. जुना भाग साध्या एमसीबीवर, म्हणजे जास्त करंट गेला की तोडणाऱ्या स्विचवर. मागचा नवा भाग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळला की तोडणाऱ्या स्विचवर, तिच्यापुढे त्याचे वेगळे एमसीबी. हे कागदावर काढून ठेवलं, पण दोन दिवसांनी त्या कागदाकडे पाहिलं नाही. ते पुढे येईलच.

जुन्या भागात सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर, आतली तार अ‍ॅल्युमिनियमची. फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा रंग आता एकच, मळका करडा. दाराच्या वर लाकडी जॉइंट बॉक्स आहे. तिथून फेज खाली स्विचला जातो, स्विचमधून हाफ वायर, म्हणजे स्विच चालू असेल तरच जिवंत होणारी वायर, वर परत येते आणि बोळातल्या होल्डरला जाते. न्यूट्रल बॉक्समधून थेट होल्डरला. म्हणजे स्विचच्या बोर्डात न्यूट्रल नाहीच. जुन्या घरात हे कायम आढळतं, आणि ‘स्विचमधून दोन वायर काढू’ म्हणणारा इथेच अडकतो.

स्विच फेज तोडतो की न्यूट्रल, हे आज तपासून घेतलं. स्विच बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावला, एकाही पिनेवर पेटला नाही. म्हणजे फेजच तुटतो. बंद स्विचवरही होल्डरमध्ये टेस्टर पेटला असता, तर आधी ती उलटापालट दुरुस्त करावी लागली असती. स्विच न्यूट्रलवर असला की बल्ब बदलताना होल्डर जिवंत असतो.

भार मोजण्यासारखा नाही. ९ वॅटचा बल्ब आणि जिन्यात १० वॅटची दोन फुटी एलईडी पट्टी मिळून १९ वॅट, करंट ०.१ अँपिअरच्या आसपास. ६ अँपिअरच्या स्विचला याचं काहीच नाही.

२३ मार्च – भिंत (साडेतीन तास, त्यातले अडीच वाया)

बोळातून जिन्यात जायला मधे सुमारे दोन फुटांची भिंत. दोन्ही तोंडांना घडीव काळा दगड, पोटात मुरूम, माती आणि गोटे. १६ मिलिमीटरचं लांब बिट आणलं. दगडाचा सांधा धरून पहिले २० सेंटिमीटर बरे गेले. पोटात शिरल्यावर एक गोटा बिटाबरोबर फिरू लागला, बिट अडकलं, आणि उलटं फिरवून काढताना वाकलं. दुसरा सांधा धरला, तिथेही तेच. अशा भिंतीत भोकाची दिशा सरळ राहत नाही. पोटातली माती सुटली तर तोंडाचा दगड हलू शकतो, हा धोका वेगळाच.

मग वाट चौकटीवरून काढली. लाकडी चौकटीचा माथा आणि त्यावरचा दगड यांच्यामध्ये चुन्याची भर असते. ती छिन्नीने आरपार मोकळी केली आणि २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आत बसवला. पाइपच्या दोन्ही तोंडांची धार कानशीने मारून घेतली, नाहीतर वायर ओढताना वरचं आवरण सोलतं. हे सगळं पाऊण तासात झालं. दगडी घरात ड्रिल हातात घेण्याआधी चौकट, झरोका आणि खिडकीचा माथा बघावा.

माळवदाच्या मातीतून वायर टाकू, अशीही सूचना घरातून आली होती. ती मानली नाही. त्या मातीत ओल शिरते, उंदीर फिरतात, आणि बिघाड कुठे झाला हे माती उकरल्याशिवाय कळत नाही.

२४ मार्च – पट्टी फिटिंग आणि मुख्य चूक (४ तास)

सकाळी वायर झाकायची २० मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी जिन्याच्या भिंतीवर डबल टेपने लावली. भिंतीला चुन्याचे थर आहेत, बोट फिरवलं की पांढरं होतं. टेप भिंतीला चिकटत नाही, त्या भुकटीला चिकटतो. दुपारी उन्हाने भिंत तापली आणि चारपर्यंत दीड मीटर पट्टी लोंबत होती. सगळा टेप काढला. प्लॅस्टिकची गिट्टी अखंड दगडात चांगली धरते, पण चुन्याच्या सांध्यात नुसती फिरते. तिथे सुक्या सागाची निमुळती गुट्टी ठोकली आणि तिच्यात स्क्रू घातला. दर ४५ सेंटिमीटरला एक, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्त.

आता चूक. जिन्याच्या वळणापासून अर्ध्या मीटरवर नव्या भागाचा जंक्शन बॉक्स आहे, स्वयंपाकघराच्या भिंतीतला. झाकण उघडलं, आत काळा न्यूट्रल समोरच. बोळातल्या दिव्यापासून फक्त हाफ वायर आणली आणि न्यूट्रल या बॉक्समधून घेतला. सात मीटर काळी वायर वाचली असं वाटलं.

तपासणीसाठी अर्ध्या वॅटचा झिरो बल्ब लावला. स्विच दाबला, बोळ आणि जिना दोन्ही पेटले. पाच मिनिटं चालू ठेवलं, काही झालं नाही. झाकण बंद केलं.

२५ मार्च – स्वयंपाकघर अंधारात (साडेतीन तास)

झिरो बल्ब काढून १० वॅटची पट्टी बसवली. स्विच दाबताच आरसीसीबी पडली, फ्रिज बंद. वर केली, पुन्हा पडली. जिन्याचा स्विच बंद केला की आरसीसीबी टिकते, चालू केला की पडते. पहिला संशय एलईडी पट्टीवर गेला आणि दुकानातून बदलून आणण्यात एक तास गेला. नव्या पट्टीवरही तेच.

कारण २२ तारखेच्या कागदावरच होतं. आरसीसीबी आपल्यातून जाणारा फेजचा करंट आणि परत येणारा न्यूट्रलचा करंट सतत ताडून बघते. फरक पडला की करंट कुठेतरी गळतोय असं धरून तोडते. आपल्या जिन्याच्या दिव्याचा फेज जुन्या भागातला, म्हणजे आरसीसीबीला वळसा घालून आलेला, आणि परतीचा करंट नव्या भागाच्या न्यूट्रलमधून तिच्याच पोटातून जाणारा. तिच्या हिशेबात तो सगळा करंट फरकच. १० वॅटची पट्टी ४५ ते ५० मिलिअँपिअर घेते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कधीही पडू शकते. झिरो बल्ब जेमतेम काही मिलिअँपिअर घेतो, म्हणून काल ती गप्प राहिली. छोट्या बल्बवर घेतलेली चाचणी चाचणी नव्हे. जो दिवा बसणार आहे, तोच लावून बघायचा.

आरसीसीबी पडते हा त्रास त्यातल्या त्यात कमी. खरा धोका तिच्यानंतर दिसला. ती पडलेली असताना, जिन्याचा स्विच चालूच होता, तेव्हा स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या न्यूट्रलच्या भोकात टेस्टर पेटला. आरसीसीबी न्यूट्रलही तोडते. मग नव्या भागाच्या सगळ्या न्यूट्रल तारा जिन्याच्या दिव्यातून जुन्या भागाच्या फेजला लटकतात. मागचा पुरवठा बंद केलाय असं समजून कुणी न्हाणीघरातल्या गीझरचा न्यूट्रल हातात धरला असता, तर झटका बसला असता. नव्या भागाला आरसीसीबी नसती, तर दिवा वर्षानुवर्षं असाच जळला असता आणि हा धोका कुणाला कळलाही नसता. उसना न्यूट्रल दिव्याला चालतो, माणसाला चालत नाही.

ज्या वाटेने फेज आला, त्याच वाटेने न्यूट्रल परत गेला पाहिजे. आणि त्यासाठी डोकं लढवायचीही गरज नाही. आधीच्या दिव्याच्या होल्डरमध्ये हाफ वायर आणि तिचाच न्यूट्रल, दोन्ही शेजारी शेजारी असतात. दुसरा दिवा जोडायचा तर स्विचकडे जायचं नाही, पहिल्या दिव्याकडे जायचं. तिथून दोन्ही वायर पुढे न्यायच्या, हाफला हाफ, न्यूट्रलला न्यूट्रल. काही जण घाईत पहिल्या दिव्याची एक वायर तोडून दुसरा दिवा मधेच ओवतात. मग दोन्ही सिरीजमध्ये जातात आणि मंद पेटतात किंवा लुकलुकतात. तसं दिसलं तर बल्ब बदलत बसू नये, जोडणी बघावी.

नव्या भागाच्या बॉक्समधून न्यूट्रल काढला, टोक झाकलं. अर्थिंगची हिरवी वायर मात्र त्याच बॉक्समधून घेतली. अर्थिंग दोन्ही भागांचं एकच आहे आणि ते आरसीसीबीच्या पोटातून जात नाही. आत्ताची पट्टी प्लॅस्टिकच्या अंगाची आहे, तिला अर्थिंग लागत नाही. उद्या कुणी धातूचं फिटिंग लावलं तर हिरवी वायर तिथे हजर असावी.

२७ मार्च – जुनी वायर (५ तास)

बोळातला होल्डर उघडला. अ‍ॅल्युमिनियमची तार वाकवताच टर्मिनलजवळ तुटली. मागे सरकून सोलली, पुन्हा तुटली. वरचं आवरण बिस्किटासारखं भुगा होत होतं. पाऊण तास झगडल्यावर मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र लावलं. त्याआधी बल्ब आणि एलईडी पट्टी दोन्ही काढून ठेवले, कारण मेगरचे ५०० व्होल्ट एलईडीच्या ड्रायव्हरला घातक, आणि तो जोडलेला असेल तर आकडाही खोटा येतो. जॉइंट बॉक्स ते होल्डर या तुकड्याचं इन्सुलेशन ०.४ मेगओहम आलं. किमान १ हवं. एमसीबी ते जॉइंट बॉक्स हा वरचा तुकडा २.१ मेगओहम, म्हणजे चालण्यासारखा.

त्यामुळे जॉइंट बॉक्सपासून पुढचं सगळं बदललं. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची एफआर (आग लवकर न पकडणारी) वायर: बॉक्स ते स्विच लाल, स्विचमधून परत आणि पुढे दोन्ही दिव्यांना पिवळी, न्यूट्रल काळी. हाफ वायरीला वेगळा रंग दिला की पुढच्या माणसाला टेस्टर लावण्याआधीच अर्धं काम कळतं. लाकडी बॉक्स काढून पीव्हीसीचा बसवला.

वरच्या तुकड्याचं अ‍ॅल्युमिनियम आणि नवं तांबं यांचा जोड इथेच आला. हे दोन धातू कधीही एकमेकांना पिळून टेप मारायचा नाही. ओलीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, जोड सैल होतो, तापतो आणि शेवटी जळतो. पितळी स्क्रूंचा कनेक्टर वापरला. एका बाजूने अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूने तांबं, आत टोकं एकमेकांना टेकत नाहीत, आणि प्रत्येक टोकावर स्वतंत्र स्क्रू.

एक तास मल्टिमीटरने खाल्ला. एमसीबी खाली, तरी पिवळ्या वायरीवर ७० व्होल्ट दिसत होते. शेजारच्या पट्टीतून जिवंत वायर जाते, तिच्यामुळे मोकळ्या वायरीवर असा पोकळ व्होल्टेज दिसतो. डिजिटल मीटर इतका कमी करंट घेतो की तो आकडा दाखवतोच. ४० वॅटच्या तारेच्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावला, आकडा शून्यावर आला. वायर मेली आहे का हे ठरवायला टेस्ट लॅम्पच हवा. आणि तो लॅम्प आधी चालू लाइनवर पेटतो ना, ते बघून घ्यायचं.

२८ मार्च – बंद असून लुकलुकतंय (दीड तास)

जुना काळा स्विच खिळखिळा झाला होता. घरातल्या काकूंचं म्हणणं, अंधारात सापडेल असा बसवा. म्हणून इंडिकेटरवाला पियानो स्विच बसवला. रात्री निरोप आला, स्विच बंद असताना दोन्ही दिवे दर काही सेकंदांनी लुकलुकतात.

या स्विचमधला निऑन स्विचच्याच दोन टोकांमध्ये असतो. स्विच बंद असताना त्याचा करंट दिव्यातून जातो. तारेच्या बल्बला त्याने काही होत नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र त्याच थेंबाथेंबाने भरतो, भरला की दिवा क्षणभर पेटतो, पुन्हा रिकामा. इंडिकेटर फेज आणि न्यूट्रलमध्ये वेगळा जोडला तर हा त्रास होत नाही, पण या बोर्डात न्यूट्रल नाही. साधा स्विच बसवला आणि वर रेडियमच्या टेपचा बोटभर तुकडा चिकटवला. लुकलुक थांबली. अंधारात स्विच सापडतो.

२९ मार्च – शेवटची तपासणी आणि हिशेब (१ तास)

दिवे काढून नव्या वायरीचा मेगर घेतला: फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ, न्यूट्रल–अर्थ तिन्ही १०० मेगओहमच्या वर. दिवे बसवले. स्विच बंद असताना दोन्ही जागी टेस्टर पेटत नाही. स्विच चालू ठेवून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं: नवा भाग गेला, बोळ आणि जिना चालूच, आणि सॉकेटच्या न्यूट्रलच्या भोकात टेस्टर पेटला नाही. उलटही केलं, जुन्या भागाचा एमसीबी पाडला: दोन्ही दिवे गेले, फ्रिज चालू. दोन भाग एकमेकांपासून सुटे आहेत, हे या दोन पाडापाडीतूनच कळतं. अर्धं तपासून थांबू नये.

खर्च: वायर २९ मीटर, २८ रुपये दराने ८१२. पीव्हीसी पट्टी दोन मीटरच्या ७ नग, ३१५. कोपरे, स्क्रू, गिट्ट्या ११०. जंक्शन बॉक्स दोन, ७०. कनेक्टर ६०. एलईडी पट्टी १९०. होल्डर ४०. साधा स्विच ४०. एवढे १,६३७ रुपये लागणारच होते. वाया गेलेलं: वाकलेलं बिट ४८०, डबल टेप १२०, इंडिकेटरचा स्विच ६५, एकूण ६६५. मजुरी यात धरलेली नाही.

वेळ साडेवीस तास. आधी चौकट पाहिली असती, न्यूट्रल पहिल्या दिव्यापासून घेतला असता आणि मेगर पहिल्याच दिवशी लावला असता, तर दहा तासांचं काम होतं. त्यातही मेगरची चूक मोठी. ०.४ चा आकडा २२ तारखेला दिसला असता, तर जुनी वायर बदलायची हे आधीच ठरलं असतं, काळी वायर तेव्हाच आणली असती, आणि उसन्या न्यूट्रलचा मोह पडायचं कारणच नव्हतं.

१९ जून – पावसानंतर (४० मिनिटं)

दोन जोरदार पाऊस होऊन गेल्यावर पुन्हा तपासलं. चौकटीवरच्या पाइपमध्ये ओल नाही. जिन्यातल्या दोन गुट्ट्या किंचित सैल होत्या, स्क्रू एक नंबर जाड बसवला. नव्या वायरीचे आकडे बदललेले नाहीत.

जॉइंट बॉक्समधल्या कनेक्टरचे स्क्रू आवळून पाहिले. तांब्याच्या बाजूचे हलले नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूच्या एका स्क्रूला पाव फेरा बसला. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड ढिली होते, ते हेच. तार अजून काळी पडलेली नाही. पण एमसीबी ते जॉइंट बॉक्स या तुकड्याचा मेगर मार्चमधल्या २.१ वरून १.३ वर आला आहे. हा साडेसहा मीटरचा तुकडा आता बदलायचा आहे. लाल ७ मीटर, काळी ७ मीटर, आणि सागवानी पट्टीच्या जागी पीव्हीसी पट्टी ४ नग. तोपर्यंत हा स्क्रू दर महिन्याला एमसीबी पाडून आवळायचा, असं बॉक्सच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवलं आहे.